आज प्यालो नाही

खरं बोलणाऱ्याचं शेवटी भलंच होतं, असं लहानपणी ज्यांनी ज्यांनी आपल्याला सांगितलं, त्या सगळ्या थोरामोठ्यांना एकदा त्या पोलीस ठाण्याच्या लाकडी बाकावर आणून बसवायला हवं होतं. भोंग्याचा अपराध एवढाच की तो खरं बोलला. बरं, विचारलं तेवढं बोलून गप्प बसावं ना! नाही. विचारल्यापेक्षा जास्त खरं बोलला, आणि तिथंच फसला.

भोंगा हा अँब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याचा आवाज इतका बारीक की समोरच्याला कान पुढं करावा लागायचा, म्हणून हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयनी थट्टेनं हे नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. त्याची बायको नेमकी उलटी. ती पडद्यांच्या दुकानात कामाला होती. माप घ्यायची, शिवायची, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पडदे टांगूनही द्यायची, आणि शिडीवरून ती बोलली की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बघायचे. त्या दिवशी सकाळी ती अशीच कुणाच्या तरी घरात शिडीवर उभी होती, ओठांत पितळी हूक धरलेले, आणि फोन वाजला. पलीकडून हवालदार बोलत होता. तुमच्या मिस्टरांना दारू पिऊन गाडी चालवताना धरलंय, फुंकायच्या यंत्रात आलंय, ठाण्यावर या. तिनं हूक हातावर थुंकले, पडदा अर्धाच लोंबत सोडला आणि निघाली.

बसमध्ये ती सगळा वेळ मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घालत होती. आता तिचं तरी काय चुकलं म्हणा. भोंगा एके काळी प्यायचा. चोरून-मारून नव्हे, चांगला रस्त्यात आडवा होईपर्यंत प्यायचा. मुलीला शाळेच्या पहिल्या दिवशी सोडायला गेला आणि स्वतःच फाटकाशी झोपला, असा प्यायचा. मग एकदाची सुटली. कशी सुटली ती कथा वेगळी, पण तेव्हापासून दर आठवड्याला तो दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जायचा. तिथली एक रीत होती. बोलण्याआधी प्रत्येकानं उभं राहून म्हणायचं, मी दारुडा आहे, आज प्यालो नाही. दारुडा ‘होतो’ असं म्हणायचं नाही. जो ‘होतो’ म्हणतो तो महिन्याभरात पुन्हा गुत्त्यावर दिसतो, असा तिथल्या जुन्या खोडांचा अनुभव. म्हणून म्हणून ते वाक्य भोंग्याच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरी येऊन बूट काढता काढता तो बायकोलाही तेच सांगायचा. ती म्हणायची, कळलं, पाय धुवा.

यावरून तुम्हाला वाटेल की तिचा विश्वास बसला होता. कुठला! दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि ही तर इतकी वर्षं नुसती फुंकतच होती. फोन आला तेव्हा तिला धक्कासुद्धा बसला नाही, हेच वाईट. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

ठाण्याच्या पुढच्या खोलीत एक लांबलचक टेबल, रडत फिरणारा पंखा आणि भिंतीला लागून बाक. बाकावर भोंगा बसला होता, अँब्युलन्सच्या निळ्या शर्टात. तिला बघून उभा राहिला आणि म्हणाला, मी प्यालो नाही. तिनं विचारलं, मग यंत्राला तुमच्याशी काय वैर होतं? हे तिनं हळू आवाजात विचारलं असं तिला वाटलं, पण आतल्या खोलीतला माणूस डोकावून गेला.

झालं होतं ते असं. भोंगा एका म्हाताऱ्या पेशंटला दुसऱ्या हॉस्पिटलात पोचवून रिकामी गाडी घेऊन परत येत होता. पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी हात केला. त्याच आठवड्यात दुसऱ्याच कुणा ड्रायव्हरनं पिऊन अँब्युलन्स दुकानात घुसवली होती, तेव्हा आता झाडून सगळ्या अँब्युलन्सवाल्यांना फुंकायला लावा असा वरून हुकूम आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. हवालदारानं यंत्र पुढं केलं, भोंग्यानं फुंकलं, यंत्र किंचाळलं. पुन्हा फुंकलं, पुन्हा किंचाळलं. हवालदारानं विचारलं, काय रे, प्यालास का? या प्रश्नाला जगात दोनच उत्तरं आहेत, हो किंवा नाही. तिसरं उत्तर म्हणजे तोंड मिटून घेणं, आणि तेच सगळ्यात शहाणपणाचं. पण आमचा हरिश्चंद्र बैठकीत उभा राहावा तसा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “मी दारुडा आहे. आज प्यालो नाही.”

हवालदारानं पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्यासाठी त्याच्या पेनात शाई उरली नसावी.

ठाण्याचे साहेब वयानं लहान आणि बोलायला गोड. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, वहिनी म्हणाले. आरोपीच्या बायकोला साहेब वहिनी म्हणायला लागला की माणसानं सावध व्हावं, पण ही अक्कल तिला मागाहून आली. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. मिस्टरांनी कबूल करून सही करायची, दंड भरायचा आणि दिवेलागणीच्या आत घरी जायचं. नाही तर आज कोठडी, उद्या कोर्ट, आणि मग तारखाच तारखा. हवालदारानंही कोपऱ्यातून पुस्ती जोडली की शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, बाई. वकिलाचं नाव कुणी काढलं नाही. रक्त तपासायची गोष्ट कुणी काढली नाही. सही करायची नसेल तर नाही केली तरी चालते, गप्प बसायचाही माणसाला हक्क असतो, हे तर कुणी चुकूनसुद्धा बोललं नाही. हक्क सांगायची वेळ आली की यांच्या जिभा जड होतात, आणि धमकी द्यायची म्हटली की कशा चुरूचुरू चालतात!

भोंगा सही करत नव्हता. दारूची कबुली दिलेल्या ड्रायव्हरच्या हातात पुन्हा अँब्युलन्स कोण देणार? लायसन जाणार, गाडी जाणार, आणि दारू सुटल्यावर जी एक गोष्ट त्यानं मन लावून धरली होती तीच जाणार. बायकोला हे कळत नव्हतं असं नाही. पण तिला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. टेबलाभोवतीची सगळी माणसं तिच्याकडे, दारुड्याची बायको, म्हणून बघत होती आणि ते बघणं तिला फार जुन्या ओळखीचं होतं.

“सही करा आणि चला घरी,” ती म्हणाली.

“जे केलंच नाही, ते केलं म्हणून कसं लिहून देऊ?”

“पूर्वी इतकं केलंत, तेव्हा कुठं कुणी लिहून घेतलं? ही सही त्याची समजून करा.”

भोंगा बाकावर थोडा बाजूला सरकला. तिला बसायला जागा करून देतोय असं हवालदाराला वाटलं असेल.

ती बाहेर आली आणि तिनं नणंदेला फोन लावला. नणंद वकील. चोऱ्यामाऱ्यांचे खटले तिनं कधी चालवले नव्हते; भाडेकरार, घरांच्या खरेद्या आणि भाऊबंदकी यांवर तिचं बरं चाललं होतं. दोघींचं मात्र बिनसलेलं. भोंगा प्यायचा तेव्हा हीच नणंद भावजयीच्या बाजूनं उभी राहिली होती. सोड त्याला, कागद मी करते, म्हणाली होती. आणि भावजयीनं तिला, माझं घर मोडायला आलात, असं म्हणून दारातून परत पाठवली होती. त्यानंतरचं बोलणं सगळं हवापाण्याचं. तरी आज फोन लावला, कारण भोंगा जगात कुणाला वचकून असेल तर या थोरल्या बहिणीला. तिनं दोन खडे बोल सुनावले की मुकाट्यानं सही करेल, असा हिचा बेत.

नणंदेनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, रक्त काढलं का? नाही. डॉक्टरनं तपासलं का? नाही. बरं, तू तरी त्याच्या तोंडाचा वास घेतलास का? हिनं नाही म्हटलं.

“त्याला म्हणावं, नाव-पत्त्यापलीकडं एक अक्षर बोलू नकोस,” नणंद म्हणाली. “आणि मी येईपर्यंत सहीचा हात बुडाखाली घेऊन बस.”

ती आत येऊन नवऱ्याशेजारी बसली. चहा आला होता. हवालदार तसा माणूस वाईट नव्हता; त्यानं भोंग्यापुढंही ग्लास धरला. भोंग्यानं तो लगेच घेतला नाही. आधी खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, तळहातावर सढळ ओतलं, हात खसाखसा चोळले आणि मग ओल्या हातांनीच ग्लास धरून तोंडाला लावला. अँब्युलन्सवाल्यांची ती सवयच. दिवसभर कुणाचं रक्त, कुणाची ओकारी; समोरून कुणी काहीही पुढं केलं की आधी हात चोळायचे, मग घ्यायचं. घरी जेवायचं ताट घेतानाही हेच. बायकोनं ते इतक्यांदा पाहिलं होतं की तिला आता दिसतही नव्हतं. पण आज ती अगदी खेटून बसली होती, आणि तिच्या नाकात तो भपकारा शिरला. नुसतं स्पिरिट.

पुलावर यंत्राची नळी कुणी धरली होती, तिनं विचारलं. भोंगा म्हणाला, मीच. हवालदारानं हातात दिली. घेण्याआधी हात चोळले होते का? भोंग्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं विचारावं, चालताना पाय उचलले होते का.

तिचे कान तापले. लाज वाटली, आणि तिच्यासारख्या बाईला लाज वाटली की ती फार वेळ लाज राहत नाही, तिचा संताप होतो. आपण चुकलो हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्यावर तुटून पडणं केव्हाही सोपं. आणि तुटून पडायला समोर एक आख्खं ठाणं होतं.

तेवढ्यात नणंद आली. घरी केसांना रंग लावून बसली होती, ती तशीच निघाली होती. डोक्यावर प्लास्टिकची टोपी, कपाळावर एक काळा ओघळ आणि काखेत फायलींची पिशवी. साहेबांना हसू आवरेना. पण ते फार टिकलं नाही. नणंदेनं बसायच्या आधीच विचारायला सुरुवात केली. अटक कशासाठी केली ते याला सांगितलं का? वकील बोलवायचा का म्हणून विचारलं का? जबाब वाचून दाखवला का? तिनं जबाब मागून घेतला, वाचला आणि कागद टेबलावर आपटला.

“पुढचं वाक्य कुठं आहे?”

साहेब म्हणाले, मुद्द्याचं होतं तेवढं घेतलंय. मुद्द्याचं! एक माणूस म्हणतो, आज प्यालो नाही, आणि दारूच्या केसमध्ये ते मुद्द्याचं नाही. उद्या म्हणतील, मेलेला माणूस श्वास घेत होता, पण ते काही मुद्द्याचं नव्हतं.

भावजयीनं मग सॅनिटायझरची गोष्ट सांगितली. साहेबांनी मान हलवली, जशी मोठी माणसं पोरांच्या बोलण्यावर हलवतात तशी. यंत्र सरकारी आहे, चुकत नाही, म्हणाले. हे ऐकलं मात्र, हिनं नवऱ्याच्या खिशातून बाटली ओढली, हातांवर रिकामी केली, हात चोळले, आणि टेबलावरचं यंत्र हवालदाराच्या नाकासमोरून उचलून दोन्ही हातांत धरून फुंकलं. हवालदारानं सवयीनं नळी बदलायला हात पुढं केला होता तो तसाच राहिला. यंत्र किंचाळलं.

“घ्या,” ती म्हणाली. “सकाळपासून मी पडदे टांगतेय. टाका मलाही आत.”

हवालदार तोंड फिरवून खोकला. साहेब लाल झाले आणि म्हणाले की असले तमाशे पुराव्यात धरत नाहीत. नणंद म्हणाली, अगदी बरोबर, नाहीच धरत. म्हणून तर रक्त काढा. मागणी तिनं तिथंच लिहून दिली आणि पोचही मागून घेतली. मग सुरू झाली टोलवाटोलवी. डॉक्टर जेवायला गेलेत. डॉक्टर आले, तर गाडी नाही. गाडी आली, तर सोबत द्यायला माणूस नाही. यातली मखलाशी नणंदेनं ओळखली: उशीर यांनीच करायचा, आणि रक्तात काही सापडलं नाही की म्हणायचं, तोवर उतरली असेल. तिनं प्रत्येक सबब वेळेसकट लिहून साहेबांसमोर धरायला सुरुवात केली, यावर सही करा म्हणाली. आता सही न करण्याची पाळी साहेबांची. थोड्याच वेळात गाडीही मिळाली आणि माणूसही मिळाला.

नेलं ते त्याच्याच हॉस्पिटलात. ज्या दारातून तो रोज धावत स्ट्रेचर आत न्यायचा, त्याच दारातून हवालदारानं त्याला दंडाला धरून नेलं. वॉर्डबॉय बघत राहिले. कुणी हाक मारली नाही. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच. ‘तरी मला वाटलंच होतं’ असं म्हणायला माणसं टपलेली असतात. भोंगा मान खाली न घालता चालत होता, आणि ते बघून बायकोला त्यानं मान खाली घातली असती तर बरं झालं असतं असं वाटलं.

नर्सनं बाही वर केली, दंडाला पट्टा बांधला आणि ट्रेमधला स्पिरिटचा ओला बोळा उचलला. भावजयीनं तिचं मनगट धरलं. नर्स दचकली, हवालदार धावला.

“स्पिरिट नाही,” ती म्हणाली. “सकाळी त्यानंच घात केलाय. साबण-पाण्यानं पुसा.”

नर्स डॉक्टरांकडे बघायला लागली. डॉक्टर ओशाळून म्हणाले, हो, हो, या तपासणीला स्पिरिट नको, बरोबर आहे. बरोबर आहे म्हणे! मग सांगायला काय झालं होतं? हिनं हात धरला नसता तर रिपोर्टात काय निघालं असतं आणि जन्मभर तो कुणाला काय सांगत बसला असता? नणंदेनं हेही लिहून घेतलं. दोन बाटल्या भरल्या, सील लावलं, आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात जामीन झाला.

रिपोर्ट यायला बरेच दिवस गेले. तेवढे दिवस अँब्युलन्सची किल्ली हॉस्पिटलच्या कपाटात आणि भोंगा घरात. बैठकीला जायचा तेवढाच बाहेर पडायचा. बायको या दिवसांत भांडत होती. दुकानात, फोनवर, जो भेटेल त्याच्याशी. साहेबांचा, हवालदाराचा, यंत्राचा, डॉक्टरांचा तिनं येता-जाता उद्धार केला. भोंगा ऐकून घ्यायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. संध्याकाळी बूट काढताना तो आता काहीच म्हणत नसे. तिच्या ते लक्षात आलं होतं, पण तिनं विचारलं नाही.

रिपोर्ट आला. रक्तात दारूचा थेंब नव्हता. केस मिटली, किल्ली परत मिळाली. साहेब एवढंच म्हणाले की झालं ना तुमच्या मनासारखं, जसं काही पदरचं दान दिलं. चुकलं म्हणाले नाहीत. तसं म्हणायचं शिक्षणच त्या खात्यात देत नसावेत.

त्या संध्याकाळी नणंद घरी आली. केस आता नीट रंगलेले, फायलींची पिशवी तीच. एवढ्यावर सोडायचं नाही, रीतसर तक्रार करायची, असं तिनं ठरवलं होतं. अर्धं वाक्य खाल्लं, वकिलाचा हक्क सांगितला नाही, रक्त काढायला मुद्दाम उशीर केला, सगळं तिनं मांडलं. भावजय उत्साहानं एकेक आठवून देत होती आणि मधूनमधून, सोडू नका मेल्यांना, असं म्हणत होती. नणंदेनं भावाला विचारलं, तुला कुणाकुणाविरुद्ध काय म्हणायचंय ते तुझ्या तोंडानं सांग.

भोंगा नेहमीसारखाच बारीक आवाजात बोलला, पण खोलीत इतकी शांतता होती की कान पुढं करावा लागला नाही.

“साहेबांचं काय घेऊन बसलीस,” तो म्हणाला. “हवालदाराचंही जाऊ दे. ते मला ओळखत नव्हते.” मग त्यानं बायकोकडे पाहिलं. “तू ओळखत होतीस.”

तिनं तोंड उघडलं. तुम्ही काय काय केलंत ते विसरलात का, असं जिभेवर आलं होतं, आणि हेच आपण ठाण्यातही म्हणालो होतो हे तिला आठवलं. मग तिनं मघापासून आपल्याला दुजोरा देणाऱ्या नणंदेकडे पाहिलं.

“ताई, तुम्ही तरी सांगा ना यांना. मीच तर ते बाटलीचं ओळखलं. मीच तर नर्सचा हात धरला. तुम्ही होतात तिथं.”

नणंदेनं समोरचा कागद सरळ केला.

“होते,” ती म्हणाली. “पण मी त्याची वकील आहे.”

आणि तिनं भावाला, तुझं पुरं होऊ दे, असं सांगून पेनचं टोपण काढलं.